सी ड्राइव्हची भरती-ओहोटी



तक्रार बहुधा एकाच शब्दांत येते. ‘काल रात्री सी ड्राइव्हवर १४ जीबी मोकळे होते, सकाळी ९ उरले. मी तर काहीच भरलं नाही.’ पुढचं वाक्यही ठरलेलं: ‘व्हायरस शिरला असेल का हो?’ आणि मीरा रोड असो की भाईंदर, स्टेशनबाहेरच्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे गेलात, तर तिसरं वाक्य तयारच असतं: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ माझं भांडण आहे ते या तिसऱ्या वाक्याशी. (हशा)

तुम्ही काही भरलेलं नसतं, हे खरंच. पण तुम्ही झोपलात म्हणून संगणक झोपतोच असं नाही. मोकळ्या जागेचा आकडा हा मुळात हलणारा आकडा आहे. उत्तनच्या कोळ्याला पाणी चढलं म्हणून धास्ती वाटत नाही, कारण ते कधी उतरणार हे त्याला माहीत असतं. त्याचे कान टवकारतात ते उतरायच्या वेळीही पाणी उतरलं नाही तर. तेव्हा पहिलं काम एवढंच: काहीही पुसण्याआधी आठवडाभर आकडा लिहून ठेवा. किराणा सामानाच्या वहीत लिहिलात तरी चालेल. तारीख, वेळ, मोकळे जीबी. खाली जाऊन परत वर येणारा आकडा आणि फक्त खालीच जाणारा आकडा, हे दोन वेगळे आजार आहेत. खरं तर पहिला आजारच नाही.

परत येणाऱ्या आकड्यामागे बऱ्याचदा पेजफाइल असते. रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवरची थोडी जागा रॅमसारखी वापरायला घेतं. ब्राउझरमध्ये पंचवीस-तीस टॅब उघडे, मुलीचा ऑनलाइन क्लास चालू, वर एक्सेल, की ही फाइल फुगते. रीस्टार्ट केलं की आटते. इथे एक गोम आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर ‘शट डाउन’ म्हणजे पुरतं बंद होणं नव्हे. आतला गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. म्हणून ‘रोज रात्री बंद करतो हो’ हे उत्तर तपासणीला उपयोगाचं नाही. ‘रीस्टार्ट’च दाबायला हवं. तो गाभा ज्या फाइलमध्ये लिहिला जातो ती हायबरनेशनची फाइल. तिला साधारणपणे रॅमच्या ४० टक्के जागा राखलेली असते. १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीच्या वर जागा तिथेच गेली. ती काही रात्रीत नाहीशी झालेली नसते, पहिल्यापासूनच गेलेली असते, फक्त आपलं लक्ष आज जातं.

मोठं उधाण महिन्यातून एकदा येतं. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट अमेरिकेत दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी निघतात. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते. त्यामुळे बुधवारी सकाळी काही जीबी गायब दिसले, तर आधी कॅलेंडर बघा, मग अँटिव्हायरस. वर्षातून एखादा मोठा अपडेट येतो, तेव्हा जुनं विंडोज ‘विंडोज ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये १० दिवस ठेवलं जातं; नवं पटलं नाही तर परत फिरता यावं म्हणून. ते सहज वीसेक जीबी भरतं आणि मुदत संपली की आपोआप जातं. २०१९ पासून नव्या संगणकांवर साधारण ७ जीबी जागा अपडेटसाठी राखूनही ठेवलेली असते.

आता न उतरणारं पाणी. दिवाळी अंकांची पानं लावणाऱ्या एका डीटीपी ऑपरेटरचं मशीन ऐन हंगामात माझ्याकडे आलं होतं. एसएसडी २५६ जीबीची, त्यातले शेवटचे ५ जीबी उरलेले. वहीतले आकडे बोलके होते: काही दिवस काहीच फरक नाही आणि एखाद्या संध्याकाळी एकदम बारा-पंधरा जीबी कमी, तेही कायमचे. त्या संध्याकाळींपुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात ‘लाइट गेली’ असं लिहून ठेवलं होतं. फोटोंवर काम करणारे मोठे प्रोग्रॅम मुखपृष्ठासारखी जड फाइल उघडली की डिस्कवर तात्पुरती भलीमोठी फाइल बनवतात आणि नीट बंद केल्यावर तीच पुसतात. मशीन मध्येच बंद पडलं, तर पुसायला कोण राहणार? टेम्प फोल्डरमध्ये अशा फायली ओळीने पडलेल्या होत्या, प्रत्येकीवर लाइट गेल्याची तारीख. उपाय संगणकाच्या आत नव्हताच. फायली पुसल्या, आणि त्यांनी यूपीएसची मेलेली बॅटरी बदलली.

हे सापडलं ते मोजल्यामुळे. मोजायला ‘विनडिरस्टॅट’ किंवा ‘विझट्री’सारखी फुकट साधनं आहेत. कुठलं फोल्डर किती खातं, ते चित्रासारखं समोर मांडतात. पण ती ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवा. नाहीतर घरातल्या दुसऱ्या खात्यातलं काही दिसत नाही, आणि चिरंजीवांनी उतरवलेला शंभर जीबीचा गेम हिशेबात शून्य धरला जातो. (हशा)

हिशेब तरीही जुळत नाही, अशी पुढची तक्रार येते. ड्राइव्ह म्हणते १८० जीबी भरले, फोल्डरांची बेरीज येते १५०. मधले कुठे गेले? त्यातले पुष्कळ ‘सिस्टिम रिस्टोअर’कडे असतात. एखादी फाइल बदलली किंवा पुसली, तर तिचा जुना मजकूर तो अशा फोल्डरमध्ये जपतो, जे तुम्हाला उघडताच येत नाही. म्हणून कधी कधी मोठा व्हिडिओ पुसून, रिसायकल बिन रिकामा करूनही जागा अपेक्षेइतकी वाढत नाही. रिस्टोअरने किती जागा घ्यायची याची मर्यादा सेटिंगमध्ये ठरवता येते. ती कमी करा, पण तो पुरता बंद करू नका, असं माझं मत आहे. उलटी गंमतही घडते: विंडोजच्या आतलं ‘विनएसएक्सएस’ फोल्डर अवाढव्य दिसतं, कारण एकच फाइल दोन ठिकाणी नोंदलेली असते आणि ती दोनदा मोजली जाते. डिस्कवर ती एकदाच असते. हे फोल्डर हाताने पुसायला जाल, तर मात्र दुरुस्तीवाल्याचं ते तिसरं वाक्य खरं होईल.

वनड्राइव्हवर ठेवलेल्या फायलींचंही तसंच. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये दोन आकडे असतात, फाइलचा आकार आणि डिस्कवरचा आकार. फाइल फक्त क्लाउडवर असेल तर दुसरा आकडा शून्याजवळ असतो. नातवाचा व्हिडिओ एकदा उघडून पाहिला की तो डिस्कवर उतरतो आणि तिथेच राहतो. तो परत वर पाठवायचा तर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’. ‘डिलीट’ नव्हे. डिलीट केलात तर क्लाउडवरचाही जातो, आणि घरातल्या सगळ्या मशीनवरचा.

कधी यंत्रच आपल्या कचऱ्यात अडकतं. विंडोज ७ च्या काळातला एक दोष जाणकारांत गाजलेला आहे. अपडेटची नोंद ठेवणारी फाइल २ जीबीच्या पुढे गेली की तिला आवळून लहान करणारा प्रोग्रॅम फसायचा, अर्धवट फाइल टेम्पमध्ये टाकायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. फसला की आणखी एक अर्धवट फाइल. कुणी हात लावला नाही तर ड्राइव्ह गच्च होईपर्यंत हेच चालायचं. आणि कधी आकडाच खोटा असतो. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ‘डिस्क क्लीनअप’ ८.६३ जीबी अपडेटचा कचरा दाखवत होतं, कितीही वेळा साफ केला तरी. मायक्रोसॉफ्टने नंतर सांगितलं की ती मोजणीतली चूक होती. नसलेला कचरा काढायला लोकांनी किती रविवार घालवले असतील!

नव्या डिस्कबद्दलची शंका त्यामानाने सोपी. १ टीबीची डिस्क ९३१ जीबीच दिसते. विकणारा जीबी हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या. दुकानदाराने फसवलेलं नाही.

जागा मोकळी करताना मी एकच पथ्य पाळतो: ज्याने भरलं त्याच्याच दाराने काढायचं. अपडेटचा कचरा सेटिंगमधल्या ‘स्टोरेज’मधून, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ व्हॉट्सॲपमधून, गेम अनइन्स्टॉल करून. रोज जाहिरातीत दिसणारे ते ‘क्लीनर’ घेऊ नका. ते जे पुसतात त्यातलं बहुतेक विंडोज स्वतःच पुसू शकतं, आणि उरलेलं पुसायला नको असतं. आणि जागा कमी होण्याबरोबर फायली उघडेनाशा झाल्या, मशीन मध्येच गोठू लागलं, तर जागेचा हिशेब बाजूला ठेवा आणि आधी फोटो व कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्या वेळी प्रश्न जागेचा नसून डिस्कच्या तब्येतीचा असू शकतो.

आता प्रश्न विचारा. लॅपटॉप सोबत आणलेल्यांनी सी ड्राइव्हचा आत्ताचा आकडा आधी कागदावर लिहावा, मगच हात वर करावा. ‘नवा कुठला घेऊ?’ हा प्रश्न मात्र बाहेर, चहाच्या टेबलापाशी.