‘सर, तुम्ही मुसलमान वाटत नाही!’

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. रविवारी आम्ही काही जण नाशिकमधल्या सातवी-आठवीच्या मुलांशी भेदभावावर गप्पा मारतो. पहिल्याच दिवशी एक मुलगा म्हणाला, “सर, तुम्ही मुसलमान वाटतच नाही!” खरं सांगतो, मला बरं वाटलं. घरी गेल्यावर मात्र लाज वाटली. कौतुक माझं झालं होतं, पण माझी माणसं वगळून.

पुढच्या रविवारी विचारलं, “मुसलमान कसा वाटतो?” दाढी, टोपी, उर्दू. “मुसलमानाच्या घरी कोण जेवलंय?” वर्ग गप्प. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, “सर, तुम्ही दलितांच्या घरी जेवलात?” मीही गप्प.

त्या दिवशी काळाराम मंदिराचा विषय निघाला. मंदिर सगळ्यांच्या ओळखीचं. पण प्रवेशासाठी बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० पासून सुमारे पाच वर्षं सत्याग्रह चालला, हे बहुतेकांना नवीन होतं.

एका तासात पूर्वग्रह जात नाही. मुलांचा नाही, माझाही नाही. म्हणून तुमचे महिन्यातले दोन रविवार मागतोय. शिकवायला या, पण मुलांच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची तयारी ठेवून या.