मोकळे वेगळे, फुकट वेगळे
(काल्हेर, ता. भिवंडी येथील बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातून तुम्ही इथवर आलात. येताना रस्त्याकडेला काल्हेरची गोदामे पाहिलीत. अशा गोदामांत कोणता खोका कुठे ठेवला आहे, हे आता हमालापेक्षा संगणकाला जास्त ठाऊक असते. संगणकाला चालवणारी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, कोणाच्या ताब्यात असावी, हा आजचा विषय. आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध बियाण्याइतकाच आहे.

मालदांडी घ्या. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली एम 35-1. चांगली कणसे बाजूला काढायची, बी राखायचे, शेजाऱ्याला पायलीभर द्यायचे. 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्याने, कलम 39 मध्ये, हा हक्क लेखी मान्य केला. कंपनीसारखी नाममुद्रा लावून बी विकता येत नाही, एवढेच.

आता बीटी कापसाचे पाकीट घ्या. 2002 साली त्याला परवानगी मिळाली. त्याने काहीच दिले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण वाण संकरित. राखलेले बी पेरले तर झाडे एकसारखी येत नाहीत, म्हणून दर मृगाला दुकानाची पायरी. पाकिटामागे जनुकाच्या मालकाला द्यायची रक्कम सरकारने 2016 साली 49 रुपयांवर आणली, 2020 साली काढूनच टाकली. जनुक फुकट झाले. बी मोकळे झाले का?

सॉफ्टवेअरचा वाद नेमका हाच आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली मोकळ्या सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. ज्याने आज्ञावली घेतली त्याला ती वापरता यावी, उघडून पाहता यावी, दुरुस्त करता यावी आणि दुसऱ्याला देता यावी, एवढीच मागणी. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ होतात, त्यामुळे त्यांचा निम्मा वेळ खुलासा करण्यात गेला असावा. मराठीला ती अडचण नाही.

आपण घामाचे दाम मागणारी माणसे. आज्ञावली लिहिणाऱ्याने फुकट राबावे, असे आपल्या तोंडून कसे निघेल? त्याने दाम घ्यावा, चोख घ्यावा. पण बैल विकल्यावर कासरा स्वतःच्या हातात ठेवू नये.

पत्रके छापणाऱ्यांनी हा कासरा भोगला आहे. मराठी टंकांच्या प्रत्येक कंपनीची अक्षरांची सांकेतिक जुळणी वेगळी. एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसरीकडे उघडला की नुसती खिचडी. मजकूर आपला, भाषा आपली, किल्ली कंपनीची. युनिकोड या सामाईक जुळणीत 1991 सालीच देवनागरी आली. ती वापरात रुळली तेव्हा कुठे सुटका झाली.

आता तुमच्या दाराशी आलेली गोष्ट. 2022 साली केंद्राने 63,000 प्राथमिक सोसायट्या संगणकावर आणण्याची योजना मंजूर केली. सामाईक सॉफ्टवेअर, सगळ्यांना एकच. काम चांगले आहे. पण व्याज कसे लागले, थकबाकीदारांत नाव कसे गेले, हे पूर्वी सचिवाला खतावणीवर बोट ठेवून दाखवावे लागे. उद्या तो म्हणेल, ‘यंत्र सांगते तसे.’ जे उघडून पाहता येत नाही त्याच्याशी भांडणार कसे? सरकारी कामात मोकळ्या सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, हे धोरण केंद्रानेच 2015 साली जाहीर केले आहे.

म्हणून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विचारा. व्याजाचा नियम आज्ञावलीत कसा लिहिला आहे, तो सभासदाला पाहायला मिळेल का? आपला हिशेब दुसऱ्या संगणकात उघडेल अशा रूपात मिळेल का? बिघाड झाला तर दुसऱ्या जाणकाराकडून दुरुस्ती करून घेता येईल का? सभेच्या आधी पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलेले इतिवृत्तात येत नाही.