केशनळीची कल्हई



माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत वर्षातून एकदा कल्हईवाला यायचा. जमिनीत खड्डा करून भाता लावायचा. घराघरांतली पितळेची पातेली त्याच्यापुढे जमायची. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला की पांढरा धूर उठायचा. मग कथील टेकवून तो कापसाचा बोळा असा फिरवायचा, की पिवळं पातेलं आतून चांदीसारखं दिसू लागायचं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे तेव्हा प्रत्येक घरात ठाऊक होतं. भांडं पितळेचं असलं, तरी ताकाची गाठ पडायची ती आतल्या पातळ थराशी.

आज मी अशाच एका कल्हईविषयी बोलणार आहे. फरक इतकाच, की ती केसासारख्या बारीक नळीच्या आतून करायची असते.

ही नळी कशासाठी? शाळेत गाळणकागदावर शाईचा ठिपका देऊन कागदाचं टोक पाण्यात बुडवलं, की शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर जातात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काचेच्या नळीत खडूची भुकटी भरून पानांतले रंग असेच वेगळे केले आणि १९०६ साली या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. जो रंग खडूला अधिक बिलगतो तो मागे राहतो, जो कमी बिलगतो तो पुढे निघून जातो.

आज हेच काम अतिशुद्ध सिलिकाच्या केशनळीत चालतं. १९७९ पासून अशा लवचीक नळ्या वापरात आल्या. आतली पोकळी मिलिमीटरच्या एका लहानशा अंशाची, लांबी मात्र कित्येकदा तीस मीटर. अशी नळी वेटोळं करून यंत्रात बसवतात. यातल्या बऱ्याच नळ्या आतून मोकळ्याच असतात. त्यांत भुकटी नसते. कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं, हे भिंतीवरचा लेप ठरवतो.

उघडी सिलिका या कामाला पुरी पडत नाही. तिच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. अल्कधर्मी रेणू आणि प्रथिनं त्यांना चिकटून बसतात आणि यंत्राच्या नोंदीत प्रत्येक पदार्थासाठी उमटणारी टोकदार शिखरं पसरट होतात. शिवाय तीव्र अल्कलीत सिलिका स्वतःच विरघळू लागते. म्हणून रसायनशास्त्रज्ञ टायटॅनियम, झिर्कोनियम आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांकडे वळले. यातलं टायटॅनियम आपल्याला परकं नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, ते याच धातूचं खनिज. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं ते टायटॅनियम डायऑक्साइडच. आम्ल असो वा अल्कली, ते सहसा दाद देत नाही.

पण तीस मीटर लांबीच्या केसात बोळा फिरवणार कसा? त्यासाठी सोल-जेल ही युक्ती आहे. टायटॅनियमच्या अल्कॉक्साइडचं द्रावण नळीत भरायचं. पाण्याशी संयोग होऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफत जातात आणि द्रवाचं जेल होऊ लागतं. ते पुरतं घट्ट होण्याआधी वायूच्या दाबाने जादा द्रव बाहेर काढायचा आणि नळी तापवायची. अडचण अशी, की टायटॅनियमचं हे संयुग पाणी दिसताच इतक्या घाईने साका धरतं की नळी तुंबते. म्हणून त्याला वेसण घालणारा एखादा पदार्थ मिसळावा लागतो. अमेरिकेतल्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठात अब्दुल मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मार्गाने टायटॅनियाचे, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचे, असे लेप घडवले, की ते १३ पीएचच्या अल्कलीतही टिकले. याचं कारण मला फार सुंदर वाटतं. हा लेप भिंतीवर नुसता बसत नाही. जे हायड्रॉक्सिल गट आधी उपद्रव देत होते, त्यांनाच हाताशी धरून तो भिंतीशी रासायनिक बंधाने जोडला जातो.

टायटॅनिया आणि झिर्कोनियमचं ऑक्साइड झिर्कोनिया यांना फॉस्फेटची विशेष ओढ असते. आपल्या पेशी प्रथिनांवर फॉस्फेट चढवून आणि उतरवून कितीतरी कामं सुरू-बंद करतात. कर्करोगासारख्या आजारांत हीच व्यवस्था बिघडलेली आढळते. प्रथिनांच्या हजारो तुकड्यांच्या गर्दीतून फॉस्फेट असलेले मोजके तुकडे हे ऑक्साइड धरून ठेवतात, आणि मग अल्कधर्मी द्रावणाने ते सोडवून घेता येतात. अल्कलीत टिकणारी भिंत इथे उपयोगी पडते.

श्रोतेहो, कल्हईवाला कथलाला हात लावण्याआधी भांडं घासून-पुसून लख्ख करायचा. कुठे डाग राहिला तर तिथे कल्हई धरत नसे. प्रयोगशाळेतही लेपाआधी नळी धुऊन तिची भिंत तयार करून घ्यावी लागते, कारण बंध जुळायला तिथले हायड्रॉक्सिल गट जागे असावे लागतात. त्या भांडं घासण्याकडे लहानपणी आम्ही मुलं बघतही नसू, आम्हाला ओढ असायची ती धुराची आणि चमकेची. आता कळतं, कल्हई टिकणार की नाही हे तेव्हाच ठरत होतं.