मुल्कोवालची बाटली



चालकांनी मला दिलेला विषय 'साथ, लस आणि समाजाची जबाबदारी' असा आहे. विषय इतका ऐसपैस आहे की त्यावर तासभर बोलूनही वक्त्याने काहीच न सांगितल्यासारखे होऊ शकते! तेव्हा मी एकच प्रकरण निवडले आहे. ते एका बाटलीचे आहे. 1902 सालच्या सप्टेंबरात मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत ती भरली गेली आणि एक्केचाळीस दिवसांनी पंजाबातल्या एका खेड्यात उघडली गेली.

पण त्याआधी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला, आणि पुढल्या वीस-बावीस वर्षांत या देशातली एक कोटीहून अधिक माणसे प्लेगाने नेली. सरकारने 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथींचा कायदा केला. त्या कायद्याच्या बळावर पुण्यात सोल्जर घरात शिरले, माजघरे व देवघरे धुंडाळली गेली, माणसे छावण्यांत नेली गेली. रँडचे पुढे काय झाले ते आपण शाळेत शिकलो आहोत. मुंबईत तर 1896 च्या ऑक्टोबरातच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे त्याला मारतात, अशी अफवा होती. ही माणसे अडाणी होती म्हणून त्यांनी अफवेवर विश्वास ठेवला, असे आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. ज्या सरकारने कधी काही विचारले नाही, ते एकाएकी दार फोडून 'हे तुमच्याच भल्यासाठी' असे म्हणू लागले, तर शहाण्या माणसालाही संशय येईल.

याच धामधुमीत वाल्देमार हाफकिन हा गृहस्थ मुंबईत आला. मूळचा ओडेसाचा ज्यू, पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत तयार झालेला. ग्रँट मेडिकल कॉलेजातली थोडीशी जागा घेऊन त्याने तीन महिन्यांत प्लेगाची लस तयार केली. प्लेगाचे जंतू रश्श्यात वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे म्हणजे त्यांना धरून जंतू खाली लोंबत वाढतात, आणि मग तापवून ते मारायचे, अशी ती कृती. रश्श्यासाठी त्याने गाय आणि डुक्कर दोन्ही टाळून बकऱ्याचे मांस घेतले. लोकांच्या अंगात काय जाणार आहे याचा विचार त्यांच्या बाजूने करणे, हा मला विश्वास मिळविण्याचा पहिला धडा वाटतो. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ती लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे लोकांना दिली त्याच्या कितीतरी पट. ताप आला, अंग ठणकले. मग भायखळ्याच्या तुरुंगात, स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. (कैद्याची स्वखुशी किती खुशीची, हा प्रश्न आज आपण विचारू, आणि विचारलाच पाहिजे.) आगाखान तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. त्यांनी चारचौघांत पुन्हा पुन्हा स्वतःला टोचून घेतले, तेव्हा त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. जे सोल्जरांना साधले नाही ते एका तरुणाच्या उघड्या दंडाने साधले.

आता ती बाटली. 1902 साली पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर टोचणी करायचे ठरविले. मागणी एकदम वाढली. उत्पादन वाढविण्यासाठी हाफकिन यांनी लशीत कार्बॉलिक आम्ल घालण्याची जुनी रीत सोडून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी गुजरात जिल्ह्यातल्या मुल्कोवाल गावी (हे गुजरात पंजाबातले, आज पाकिस्तानात असलेले) पाच बाटल्यांतून 107 जणांना लस टोचली गेली. 88 जणांना काही झाले नाही. '53 एन' या एका बाटलीतून ज्या 19 जणांना टोचले, त्यांना आठवडाभराने धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस दगावले.

चौकशी समिती बसली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स तिचे अध्यक्ष होते. समितीने ठरविले की बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली. हाफकिन यांच्या हातून प्रयोगशाळा गेली आणि 1904 साली ते विलायतेला निघून गेले. कागद पुरते लोकांपुढे आले ते काही वर्षांनी, आणि तेव्हा त्या कागदांतच निराळी गोष्ट दिसली. बूच काढण्याचा चिमटा मुल्कोवालला जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, अशी साक्ष झाली होती. बाटली उघडताना डॉक्टरला वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू जर एक्केचाळीस दिवस त्या बाटलीत वाढत राहिले असते, तर उघडताच घाण सुटायला हवी होती. मलेरियाच्या डासाचा शोध लावणारे रोनल्ड रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी 1907 साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हे जाहीरपणे मांडले, तेव्हा कुठे हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षे गेली. ते हिंदुस्थानात परतले, पण परळचा अधिकार त्यांना पुन्हा मिळाला नाही. 1925 साली त्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले, एवढे खरे.

या प्रकरणात हाफकिन यांच्यावरील अन्यायाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे मन मात्र पंजाबातल्या त्या दुसऱ्या लोकांकडे जाते, ज्यांना मुल्कोवालची बातमी कानोकानी कळली आणि ज्यांनी पुढल्या हंगामात दंड पुढे केला नाही. त्यांना काय सांगितले गेले? एका साहेबाला घालविले, एवढेच. लस वाईट होती, की चिमटा वाईट होता, की घाई वाईट होती, याचा निवाडा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. सरकारला दोषी माणूस हवा होता, आणि तो सापडताच सरकारची जिज्ञासा संपली.

हे आज सांगण्याचे कारण उघड आहे. करोनाची लस आपल्याकडे 16 जानेवारी 2021 पासून दिली जाऊ लागली, आणि तिच्यातला मोठा वाटा पुण्यात तयार झाला. त्या लशीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात व रक्तकणिका घटतात, हे युरोपच्या औषध नियंत्रकांनी 2021 च्या एप्रिलमध्येच सांगितले होते. मे महिन्यात आपल्या सरकारच्या समितीनेही गुठळ्यांची 26 संभाव्य प्रकरणे नोंदवून, हे प्रमाण दहा लाख मात्रांमागे एकाहूनही कमी असल्याचे प्रसिद्ध केले. आणि तरीही 2024 साली कंपनीने विलायतेच्या न्यायालयात तेच मान्य केल्याची बातमी आली, तेव्हा आपल्या घराघरांत लोक आजच काहीतरी उघडकीला आल्यासारखे दचकले. छापणे निराळे आणि सांगणे निराळे! ज्या मोबाइलवर दुसऱ्या मात्रेची तारीख येत होती, त्यावर ही दोन वाक्ये का येऊ नयेत? लोक घाबरतील म्हणून न सांगणारा अधिकारी लोकांची भीती टाळत नाही, फक्त पुढे ढकलतो. शिवाय लस घेतली की रोग पसरणारच नाही, असे ज्यांनी सांगितले त्यांनी लशीच्या पदरी नसलेले वचन दिले. मरण आणि गंभीर आजार तिने पुष्कळ टाळले. तेवढे सांगितले असते तरी पुरे होते.

सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 रोजी दोन गोष्टी सांगितल्या. एक, कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. आणि दोन, लशीनंतरच्या दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना पाहता येतील अशा रीतीने सरकारने प्रसिद्ध कराव्यात. पहिल्या गोष्टीची चर्चा फार झाली, दुसरीची त्या मानाने फारच थोडी.

राहिली जबाबदारी. आपण ती नेहमी व्यक्तीला सांगतो: बाबा रे, समाजासाठी लस घे. योग्यच आहे. पण समाजासाठी लस घेऊन ज्याचे क्वचित वाईट झाले, त्याच्याशी समाजाचे नाते काय? गावाला तलाव हवा म्हणून एखाद्याचे शेत गेले, तर भरपाई मागायला त्याने तलाव खोदणाऱ्याची चूक सिद्ध करावी, असे आपण म्हणत नाही. शेत गेले एवढेच पुरे असते. ब्रिटनने 1979 साली आणि अमेरिकेने 1986 साली लशीने अपाय झालेल्यांसाठी कायदा केला, तो याच विचाराने. आपल्याकडे 2022 साली केंद्र सरकारने न्यायालयात सांगितले की, ज्यांना तक्रार असेल त्यांनी दिवाणी दावा लावावा. म्हणजे मुलगी गमावलेल्या बापाने वकील लावून औषधशास्त्र सिद्ध करायचे! पुढची साथ येईल तेव्हा हा प्रश्न आधी सुटलेला असावा, नंतर नव्हे. आणि तो सुटावा म्हणून आपल्या आमदार-खासदारांना विचारणारे लोक या मंडपातूनच निघायला हवेत.

समोर दोन-तीन डॉक्टर बसलेले दिसतात. लशीच्या शास्त्राविषयी ज्यांना शंका असतील त्यांनी त्यांना गाठावे. माझ्यापेक्षा ते अधिक नेमके सांगतील.