परमुलखातले दुखणे

प्रवासाला निघताना आपण कपड्यांची यादी करतो, फराळाच्या डब्यांची करतो, पाहायच्या स्थळांची तर करतोच करतो. आजारी पडणे मात्र कोणाच्याच यादीत नसते. दुखणे बिचारे पारपत्र मागत नाही, तिकीट काढत नाही. ते आपल्या शेजारी बसून येते आणि त्याला वाटेल त्या गावी उतरते. आमच्या बाबतीत ते इंग्लंडातल्या ग्रासमिअर नावाच्या खेड्यात उतरले. त्याचीच हकीकत आज सांगणार आहे.

मी साताऱ्याच्या एका शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवले. वर्ड्‌स्वर्थ कवीची डॅफोडिल फुलांवरची कविता किती वर्गांना शिकवली, त्याची गणती नाही. ते फूल मात्र मी जन्मात पाहिले नव्हते. निवृत्त झाल्यावर मनाने घेतले की एकदा त्या कवीचा मुलूख पाहायचाच. २०१९ सालच्या जून महिन्यात सौ.ला घेऊन मी निघालो. इंग्लंडच्या वायव्येला डोंगर आणि सरोवरे यांचा एक सुंदर प्रदेश आहे. तिथे ग्रासमिअर गावी वर्ड्‌स्वर्थ १७९९ पासून १८०८ पर्यंत ज्या घरात राहिला, ते घर अजून जपून ठेवलेले आहे. गावच्या चर्चच्या आवारात त्याचे थडगे आहे. सारे पाहिले. पण डॅफोडिल कुठे दिसेना. चौकशी केली तेव्हा घरमालकीणबाई हसून म्हणाल्या, ते फूल मार्च-एप्रिलातले, जूनमध्ये कुठून दिसणार? तीस वर्षे कविता शिकवणाऱ्या मास्तराचे हे ज्ञान!

तिसऱ्या दिवशी संकष्टी होती. मी म्हटले, "अगं, परदेशात कसली संकष्टी?" तर ही म्हणाली, "गणपती काय साताऱ्यातच राहिला?" पण गंमत अशी, की तिकडे जूनमध्ये सूर्यच रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. घरमालकिणीच्या वर्तमानपत्रात चंद्रोदयाची वेळ छापलेली होती, ती मध्यरात्रीच्या पुढेमागे निघाली. हिने सकाळी एक केळे आणि दोन खजूर खाल्ले, आणि आम्ही सरोवराकाठी फिरायला गेलो. दुपारी एका बाकावर बसलो होतो. "चला, निघू या" म्हणून ही उठली, दोन पावले गेली, झोक गेला आणि डावा हात पुढे टेकून दगडी पायरीवर पडली.

हात मनगटापाशी वाकडा झाला होता. वाटेने जाणारे एक वृद्ध जोडपे धावत आले. त्यांनी आपला मफलर झोळीसारखा हिच्या गळ्यात बांधला आणि स्वतःच्या मोटारीतून आम्हांला रुग्णालयात पोचवले. नाव विचारायचेसुद्धा राहून गेले.

वाटेत माझ्या मनात हिच्या हाताइतकीच दुसरी काळजी घोळत होती, ती पैशाची. तिचे कारण पुढे सांगतो. पण रुग्णालयाच्या खिडकीवर नाव, जन्मतारीख आणि काय झाले एवढेच विचारले. पैशाचा शब्द निघाला नाही. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी ती उभी केली. अपघात विभागातला उपचार परदेशी पाहुण्यालाही विनामूल्य मिळतो. मात्र खाटेवर दाखल केले, किंवा नंतर बाह्यरुग्ण म्हणून पुन्हा बोलावले, की बहुतेक परदेशी पाहुण्यांना बिल येते, आणि ते नेहमीच्या दराच्या दीडपट असते. आपल्याकडेही भोर समितीने १९४६ च्या अहवालात हेच तत्त्व मांडले होते, की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये. तत्त्व एकच, त्यांनी ते दोन वर्षांत अमलात आणले. आपण अजून वाटेवर आहोत.

नाव लिहून झाल्यावर बसायला सांगितले आणि आम्ही बसलोच. एक तास गेला, दोन गेले. आमच्यानंतर आलेला एक तरुण आमच्या देखत आत गेला. मी आपला साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर जसा जातो तसा तरातरा खिडकीशी गेलो आणि म्हणालो, आम्ही आधी आलो आहोत. तिथली बाई शांतपणे म्हणाली, "इथे क्रमांक वेळेवरून लागत नाही, जिवाच्या धोक्यावरून लागतो." तो तरुण छातीत कळ येऊन आला होता. मी निमूट जागेवर येऊन बसलो. जखमींची अशी निवड करण्याची रीत नेपोलियनच्या सैन्यातल्या लॅरे नावाच्या शल्यवैद्याने रुजवली. हुद्दा न पाहता ज्याची जखम गंभीर त्याला आधी हात लावायचा, असा त्याचा दंडक होता. वाट पाहायला लागणे हे एका अर्थी सुदैवच, हे मला त्या खुर्चीवर कळले.

आमचा क्रमांक आला तेव्हा एक परिचारिका पुढे आली. केरळची होती. तिने हिला पाहताच "अम्मा" म्हटले, आणि हिच्या डोळ्यांत इतका वेळ अडवलेले पाणी आले. हात सुजत चालला होता. बांगड्या तशाच राहिल्या तर सूज वाढून त्या रुतल्या असत्या आणि बोटांचे रक्त थांबले असते. हिरव्या काचेच्या सहा बांगड्या आणि आईने घातलेली सोन्याची पाटली. परिचारिकेला काय करायचे आहे ते समजत होते, आणि त्याचा अर्थही समजत होता. ती हिंदीत म्हणाली, की अम्मा, या हातातल्या काढते, उजव्या हातातल्यांना हात लावत नाही. हिने मान हलवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वाढवू देत." खाली जाळीच्या कापडाची घडी धरून तिने एकेक बांगडी चिमट्याने वाढवली, एक कपची लागू दिली नाही. पाटली मात्र कापावी लागली. तिचे दोन तुकडे पाकिटात घालून, वर नाव लिहून, माझी सही घेऊन तिने ते माझ्या हाती दिले. आठ हजार किलोमीटरांवर कोणीतरी आपल्या बांगड्यांचा अर्थ जाणावा, याला औषधोपचार म्हणायचे की काय म्हणायचे, तुम्हीच सांगा.

क्ष-किरणांचे चित्र निघाले. मनगटाजवळचे हाड मोडून मागे सरकले होते. या मोडीला कोलीस यांचे नाव आहे. डब्लिनच्या या शल्यवैद्याने १८१४ साली तिचे वर्णन केले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा अजून ८१ वर्षे होती. केवळ हाताने चाचपून त्याने ते ओळखले होते. उतारवयात, विशेषतः स्त्रियांची, हाडे ठिसूळ होतात, आणि पडताना पुढे टेकलेल्या हातावर सारा भार आला की नेमके हेच हाड मोडते.

एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी विचारले, "तुम्ही कशा पडलात?" मी लगेच उत्तर दिले, "पायरीवरून पाय घसरला." त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. त्याचेही उत्तर मीच दिले. तिसऱ्याला त्यांनी मला नम्रपणे थांबवले. म्हणाले, "मला यांच्याकडून ऐकायचे आहे." मी म्हटले, हिला इंग्रजी बोलायची सवय नाही, मी सांगतो ना. ते म्हणाले, "घरच्या माणसाला आम्ही दुभाष्याचे काम देत नाही." त्यांनी टेबलावरचा फोन फिरवला आणि काही मिनिटांत त्यातून स्वच्छ मराठी आवाज आला, "नमस्कार काकू, मी दुभाषी बोलतेय. तुम्ही जे सांगाल ते सगळं मी डॉक्टरांना सांगेन, बाहेर कुठे बोलणार नाही. तुमचे मिस्टर तिथे बसलेले चालतील ना?" ही म्हणाली, "बसू देत की."

आणि मग ही बोलू लागली. मी ऐकत राहिलो.

पाय घसरलाच नव्हता. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती. अशी अंधारी लंडनला उतरल्यापासून रोज येत होती. पाणी किती पिता? तर सकाळी चहा आणि दिवसभरात मिळून एखादा पेला. का? तर बाहेर फिरताना मोरी कुठे सापडेल न सापडेल, सारखे विचारायला लाज वाटते, आणि "यांचा खोळंबा होतो". रक्तदाबाची गोळी? ती मात्र नेमाने. गोळीचे नाव? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मला एवढेच ठाऊक होते, की गोळी पांढरी आहे. हिने पर्समधून रिकामे वेष्टन काढले. त्यावर मूळ औषधांची नावे होती. त्या एका गोळीत दोन औषधे होती आणि त्यांतले एक लघवी वाढवणारे होते. अंगात पाणी कमी, त्यात ते बाहेर काढणारी गोळी, त्यात उपास. निजवून आणि उभे करून रक्तदाब मोजला, तेव्हा उभे राहताच तो झरकन उतरत होता. हृदयाचा आलेख आणि रक्तातली साखर ठीक निघाली.

शेवटी त्या आवाजाने विचारले, "काकू, हे घरी कोणाला बोलला नाहीत?" ही म्हणाली, "यांची तीस वर्षांची हौस. त्यात माझं रडगाणं कशाला?"

चाळीस वर्षांचा संसार, आणि ही गोष्ट मला फोनमधल्या एका अनोळखी बाईमुळे समजली. दिसली असती खरी; पण मी तळे बघत होतो.

मग मोडल्या जागी सुई टोचून हात बधिर केला, हाड ओढून बसवले आणि अर्धे प्लास्टर घातले. सूज वाढण्याचा संभव असतो, म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण प्लास्टर घालत नाहीत. आठवड्याने हाडांच्या विभागात पुन्हा दाखवायला सांगितले. त्या भेटीचे पैसे पडणार होते.

आता ती दुसरी काळजी सांगतो. निघण्यापूर्वी प्रवासाचा विमा उतरवला, तेव्हा अर्जात प्रश्न होता, पूर्वीचा काही आजार आहे काय? हो म्हटले तर हप्ता सातशे रुपयांनी वाढत होता. रक्तदाब काय, घरोघरी असतो, असे म्हणून मी "नाही" लिहिले होते. त्या रात्री विमा कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने तोच प्रश्न पुन्हा विचारला. ही समोर बसून डाव्या हाताची बोटे हलवत होती, डॉक्टरांनी सांगितले होते तशी. दिवसभर हिने खरे बोलून घेतले होते. मला पुन्हा "नाही" म्हणवेना. सांगून टाकले. कंपनीने पैसे नाकारले, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. आठवड्यानंतरच्या भेटीचे पावणेदोनशे पौंड मी खिशातून भरले. दाखल व्हावे लागले असते तर काय झाले असते, याचा हिशेब मी अजूनही करत नाही.

परतीच्या विमानाची तारीख डॉक्टरांनी आवर्जून विचारली. नवे प्लास्टर घातल्यावर लांबच्या विमानप्रवासाआधी ४८ तास तरी जाऊ द्यावे लागतात, नाहीतर ते उभे चिरून घ्यावे लागते. कारण वर गेल्यावर सूज वाढते आणि प्लास्टर आवळते. आम्ही तीन दिवस थांबून निघालो.

आता जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. प्रत्येक देशाची रीत निराळी आहे. युरोपातल्या शेंगेन देशांच्या प्रवेशपत्रासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यामुळे तातडीच्या रुग्णाला पैशासाठी दारातून परत पाठवता येत नाही, पण बिल मागाहून येतेच, आणि ते जबर असते. तातडीचे क्रमांक पाठ असावेत: ब्रिटनमध्ये ९९९, युरोपात ११२, अमेरिकेत ९११, जपानात ११९. गोळ्या डबीत ओतून नेऊ नका, वेष्टनासकट न्या. आपल्याकडच्या व्यापारी नावांचा तिकडे उपयोग होत नाही, मूळ औषधाचे नाव लागते. विम्याच्या अर्जात खरे लिहा. आणि बायकांनो, पाणी प्या. मोरी कुठे आहे हे विचारण्यात लाज नाही. नवऱ्याला ते विचारता येत नसेल तर त्याला शिकवा.

सोनाराने पाटली जोडून दिली. सांधा थोडा दिसतो. हात बरा आहे, थंडीत कुरकुरतो. पुढच्या एप्रिलात डॅफोडिल बघायला जाऊ, असे मी तेव्हा म्हटले होते. २०२० चा एप्रिल कसा गेला, ते तुम्हां सर्वांना माहीत आहे. अजून जाणे झालेले नाही. परवा मी पुन्हा विषय काढला, तेव्हा ही म्हणाली, "जाऊ की. पण या खेपेला माझी यादी मी करणार." मी बरे म्हटले.