हजर!



सकाळी सरांनी जुन्या हजेरीपटावरून नावे पुकारली आणि आपण चाळिशी ओलांडलेली माणसे उभी राहून "हजर" म्हणालो. मला एकदम बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बाहुल्या आठवल्या. ऑफिसच्या कामासाठी तिथे गेले असताना एक दुपार मोकळी मिळाली होती.

बाहुल्या दगडी. दोन्ही हात छातीवर, हातांत कुदळी. यांना शाब्ती म्हणतात. प्राचीन इजिप्तमध्ये अशी समजूत होती, की मेल्यावर परलोकातही शेतावरची वेठ चुकत नाही. म्हणून थडग्यात शाब्ती ठेवायची. मालकाचे नाव पुकारले, की त्याच्या जागी हिने ओ द्यायची. तिच्या अंगावर कोरलेला मंत्र तेच बजावतो. थोडक्यात, इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही लावायचो ती प्रॉक्सी! (शाळेत असले काही केले नाही, बाई.) सुरुवातीला एखादी पुरायची. पुढे वर्षाच्या दिवसांप्रमाणे ३६५ मजूर आणि दर दहांवर एक असे ३६ मुकादम, मिळून ४०१ झाल्या. आमच्याकडे टीम लीडचे प्रमाण साधारण तेच आहे.

मी पाहिल्या त्या तहार्का राजाच्या. हा न्युबियाचा, म्हणजे आजच्या सुदानकडचा. इ. स. पू. ६९० ते ६६४ या काळात त्याने इजिप्तवरही राज्य केले. नुरी येथील त्याच्या पिरॅमिडखाली जॉर्ज राइझनर यांना १९१७च्या सुमारास हजाराहून अधिक शाब्ती सापडल्या. तुतनखामेनकडे ४१३च होत्या! मग वाटण्या झाल्या. सुदानवर तेव्हा ब्रिटिशांचा अंमल. काही खार्टूमला राहिल्या, बऱ्याच बॉस्टनला गेल्या. काचेपलीकडे त्या छान उजेडात उभ्या होत्या, तरी मला ते थोडे खटकलेच.

एप्रिल २०२३मध्ये सुदानात युद्ध पेटले आणि खार्टूमचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले. तहार्काचा प्रचंड पुतळा जागेवरच राहिला. तो हलवणार कोण? हातात मावणाऱ्या वस्तू गेल्या. आता आधार आहे तो नोंदींचा. क्रमांक, माप, छायाचित्र असेल, तर उद्या कुठल्या बाजारात एखादी वस्तू दिसली तरी ती ओळखता येते. माझा धंदाच नोंदी सांभाळण्याचा, म्हणून हे बोलते आहे.

सरांनी पुकारलेल्या नावांपैकी अकरा नावांना आज कुणीच ओ दिली नाही. त्यांच्यापुढे आपल्याकडे पत्ता नाही, फोन नाही. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. कुणाला काही ठाऊक असेल तर जेवायला जाण्याआधी लिहा.