दोन पानांवरचं रोप
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



वैशाखातल्या उकाड्यात काकडीवर बोलायचं म्हटल्यावर तुम्हाला कोशिंबीर आठवली असेल. मी बोलणार आहे ते येत्या मृगाच्या लागवडीबद्दल. पहिले चार पाऊस झाले की रोपवाटिकांत गर्दी उसळते. गच्चीवाले, परसवाले सगळे येतात आणि बहुतेक जण सगळ्यांत उंच, जमलं तर कळी धरलेलं रोप उचलतात. टोमॅटोच्या बाबतीत हे एक वेळ खपून जाईल. काकडीच्या बाबतीत इथेच घोडं पेंड खातं.

कारण मुळांत आहे. वांगं, मिरची, टोमॅटो यांची मुळं लावताना थोडी तुटली तरी नवी फुटतात. काकडी, दोडका, भोपळा या वेलींच्या मुळांवर मात्र लवकरच बुचासारखा थर चढतो आणि दुखावलेल्या जागी नवी तंतुमुळं येता येत नाहीत. काकडीचं बी थेट आळ्यात टोकायची आपली जुनी रीत आहे, ती उगाच नव्हे. प्रो ट्रे आणि कोकोपीट आल्यावर मुळांचा गड्डा अख्खा निघू लागला आणि रोपं लावणं सोपं झालं. पण त्याला मुदत आहे. उबदार हवेत 12 ते 15 दिवसांत रोप तयार होतं. त्यानंतर ते ट्रेमध्ये राहिलं, की मुळं खणातच गोल फिरू लागतात.

तेव्हा रोप घेताना खाली पाहा. बियातून पहिल्यांदा उघडलेली जाडसर, गुळगुळीत दोन दलं हिरवी आणि अख्खी हवीत. त्यावर खरखरीत, कोनदार अशी दोन, फार तर तीन खरी पानं. बस्स. दलं पिवळी पडली असतील तर ते रोप उपाशी राहिलंय. एका खणात दोन रोपं आली असतील तर दुसरं उपटू नका, कात्रीनं कापा. उपटताना शेजारच्याचं मूळही हलतं.

लागवड उन्हं कलल्यावर करावी. मातीत शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड आधीच मिसळलेली असावी, आणि माती चिखल नव्हे, वाफशावर असावी. ट्रेला तासभर आधी पाणी द्या, खालून बोटानं दाबा, गड्डा तळहातावर घ्या. देठाला धरून ओढायचं नाही. टोमॅटोसारखं खोड गाडायचंही नाही. गड्ड्याचा माथा आणि जमीन एका पातळीत, एवढंच. दोन वेलींत दीड-दोन फूट अंतर ठेवा. मांडव किंवा जाळी त्याच दिवशी उभी करा. महिन्यानं काठ्या खुपसायला जाल तर पुन्हा तीच मुळं दुखावतील.

पहिल्या पंधरवड्यातला खरा वैरी म्हणजे तांबडे भुंगेरे. कोवळ्या पानांची ते चाळण करतात. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. रोपावर मच्छरदाणीचा तुकडा टाकला तर आणखी बरं. फुलं दिसताच तो काढायचा, नाहीतर मधमाश्या येणार कुठून? सुरुवातीला नुसती नरफुलं येऊन गळतात, त्यानं घाबरू नये. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी काकडी आधीच असते. सातव्या-आठव्या मजल्यावर मधमाशी फिरकत नसेल तर सकाळी नरफूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यावर टेकवा. परागीभवन अर्धवट राहिलं की काकडी वाकडी, एका टोकाला फुगलेली निघते.

पाणी बुडाशी द्या, पानांवर नको. केवडा रोगाला ओली पानं फार आवडतात. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा सापळा टांगा. वाण म्हणाल तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाची हिमांगी आणि फुले शुभांगी, दापोलीची शीतल. पुना खिरा तर आहेच. पाण्याचे हाल झाले की कडूपणा वाढतो, देठाकडे जास्त. चकती घासून फेस काढल्यानं कडू काकडी गोड होते असं मानणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

तोडणी एक दिवसाआड करावी. एक जरी काकडी वेलावर जून झाली तरी पुढची फळधारणा मंदावते. आणि मांडवाच्या वरच्या अंगाला पानाआड एखादी हमखास निसटते, पिवळी पडून भलतीच जाडजूड होते. सापडताच तोडा, किसून, गूळ आणि तांदळाचा रवा घालून तिचं धोंडस करा.